गिटार घडवून घ्यावी की विकत आणावी?

दुसरी किंवा तिसरी गिटार घ्यायची वेळ येते तेव्हा हा प्रश्न पडतो. पहिली गिटार बहुतेकांची सारखीच असते: प्लायवूडची, दुकानदारानं सुचवलेली, चार-पाच वर्षं इमानेइतबारे साथ दिलेली. तोवर हात बसलेला असतो, कान तयार झालेला असतो आणि लाख-दीड लाख रुपये बाजूला पडलेले असतात. आता त्या पैशात नामांकित कंपनीची, सगळीकडून सॉलिड लाकडाची गिटार आणायची, की एखाद्या कारागिराला आपलं माप देऊन घडवून घ्यायची?

वाद्य सांगून करवून घेणं आपल्याकडे नवं नाही. तंबोरा हवा असला की माणसं अजूनही मिरजेला जातात, गाणारा आवाज बाईचा की पुरुषाचा ते सांगतात, त्याप्रमाणे लांबी ठरते, भोपळा निवडला जातो आणि काही काळानं वाद्य घरी येतं. तिथं कारखान्याचा पर्याय मनातही येत नाही. गिटारीचे मात्र कारखाने आहेत आणि त्यातले काही खरोखर उत्तम आहेत. म्हणूनच निवड अवघड होते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्या सध्याच्या गिटारीत काय खटकतं हे ज्याला नेमकं, शक्य तर मिलिमीटरमध्ये सांगता येतं, त्यानं घडवून घ्यावी. 'आवाज अजून चांगला हवा' एवढंच ज्याला सांगता येतं, त्यानं कारखान्याची घ्यावी, पाच-दहा वाजवून त्यातली एक निवडावी आणि उरलेले पैसे चांगल्या सेटअपवर, म्हणजे तारांची उंची वगैरे हाताला जुळवून घेण्यावर, खर्च करावेत. पुढचं सगळं लिखाण मुख्यतः स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारीबद्दल आहे. नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारीला त्यातलं बरंचसं लागू पडतं. इलेक्ट्रिकचं गणित वेगळं आहे, तिथं पिकअप आणि अ‍ॅम्प्लिफायर मध्ये येतात, म्हणून ती इथं घेतलेली नाही.

हात आणि यंत्र

'हातानं घडवलेली' म्हणजे करवत, रंधा आणि पटाशी एवढ्यावरच झालेली, असं समजू नका. एकट्यानं काम करणाऱ्या कारागिराकडेही बँडसॉ असतो, फळी पातळ करणारं सँडर असतं, काहींकडे तर नेक, म्हणजे गिटारीची मान, कोरायला संगणकावर चालणारं सीएनसी यंत्र असतं. उलट बाजूनं पाहिलं तर अमेरिकेतल्या मार्टिनसारख्या मोठ्या कंपनीत नेकचा सांधा बसवण्यासारखी कामं माणसंच हातानं करतात. ही कंपनी मुळात एका कारागिराचीच. सी. एफ. मार्टिन हा जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्शेन गावचा. तिथं व्हायोलिन करणाऱ्यांचा संघ म्हणे की फर्निचरवाल्या सुतारांनी गिटारी करू नयेत. त्या भांडणाला कंटाळून तो १८३३ मध्ये न्यूयॉर्कला गेला. आज जगातल्या बहुतेक स्टील-तारांच्या गिटारींच्या पोटात जी इंग्रजी 'एक्स'च्या आकाराची ब्रेसिंग, म्हणजे आतून आधार देणाऱ्या पट्ट्यांची (ब्रेसची) रचना, असते, ती त्याच्या हाताखाली १८४० च्या दशकात रूढ झाली.

खरा फरक निर्णयाचा आहे. कारखान्यात निर्णय आराखडा करताना एकदाच होतो आणि मग हजारो गिटारी त्याबरहुकूम निघतात. कारागीर प्रत्येक फळीपाशी थांबतो आणि त्या फळीपुरता निर्णय घेतो. तुम्ही जास्तीचे पैसे देता ते या थांबण्याचे.

लाकडाच्या नावाला भुलू नका

घडवून घेणारे बहुतेक जण पहिला प्रश्न मागच्या बाजूच्या लाकडाचा विचारतात. रोजवूड, महोगनी की मेपल? कारागीरही मोठ्या हौसेनं लाकडं काढून दाखवतो, ओल्या फडक्यानं पुसून रेषा उठवून दाखवतो आणि मोह होतोच. इथं थोडं सावध राहायला हवं.

१९६० च्या दशकापर्यंत महागड्या गिटारीची बॅक आणि साइड्स, म्हणजे पाठ आणि कडा, ब्राझीलच्या रोजवूडची असत. ब्राझीलनं ओंडक्यांच्या निर्यातीवर निर्बंध आणले आणि १९६९ मध्ये मार्टिननं आपल्या नेहमीच्या मॉडेलांसाठी भारतीय रोजवूड घ्यायला सुरुवात केली. हे भारतीय रोजवूड म्हणजे आपलं शिसव, जुन्या घरांतल्या पेट्या, पलंग आणि देव्हारे ज्याचे असायचे तेच. पश्चिम घाटात ते नैसर्गिकरीत्या वाढतं, दक्षिणेत कॉफीच्या मळ्यांमध्ये सावलीसाठीही राखलं जातं आणि गिटारीच्या मापाच्या फळ्या होऊन तिथून जगभर जातं. अमेरिकेत बसून 'रोजवूड'ची गिटार घेणारा मराठी माणूस बहुतेक वेळा सह्याद्रीच्या रांगांतलंच लाकूड मांडीवर घेऊन बसलेला असतो.

आवाजाचं काय? २०१८ मध्ये इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहा गिटारी घडवून घेतल्या, एकाच आराखड्याच्या, फक्त बॅक आणि साइड्सचं लाकूड वेगळं: ब्राझिलियन रोजवूड, भारतीय रोजवूड, मेपल, महोगनी, सपेली आणि अक्रोड. ५२ वादकांनी त्या डोळ्यांना काही दिसणार नाही अशा बेतानं वाजवल्या. कोणती चांगली, याबद्दल त्यांनी दिलेल्या गुणांमध्ये लाकडानुसार दखल घेण्याजोगा फरक आला नाही. ही शंका जुनीच आहे. आजच्या क्लासिकल गिटारीचा आराखडा ज्यानं पक्का केला त्या स्पेनच्या अंतोनियो दे तोरेसनं १८६२ मध्ये एक गिटार केली. तिचा टॉप, म्हणजे तारांखालची समोरची फळी, नेहमीच्या लाकडाचा, पण बॅक आणि साइड्स कागदाच्या लगद्याच्या होत्या. आवाज घडवतो तो टॉप, हे त्याला दाखवायचं होतं.

म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे की दुर्मिळ लाकडासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. कारखाना आणि कारागीर या दोघांकडेही टॉपला बहुतेक वेळा स्प्रूस असतं, अलास्का आणि ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरचं सिटका किंवा युरोपातलं, आणि मागे शिसव किंवा महोगनी. म्हणजे मालमसाला जवळपास तोच. ब्राझिलियन रोजवूडची तर आणखी एक कटकट आहे. १९९२ पासून ते दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या साइटीस कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, त्यामुळे त्याची गिटार सीमेपलीकडे न्यायची तर कागदपत्रं लागतात. शिसवासह रोजवूडच्या इतर सगळ्या जाती २०१७ मध्ये दुसऱ्या परिशिष्टात आल्या आणि वाद्यांच्या व्यापाराची मोठी पंचाईत झाली. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. मुलगी टोरांटोला आणि गिटार पुण्यात अशी स्थिती असेल तर हा मुद्दा लक्षात ठेवा आणि शिसवावर समाधान माना. ते कुठल्याही अर्थानं कमी नाही.

टॉप: इथं पैसे वसूल होतात

लाकडाचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. तीन मिलिमीटरची फळी २.७ मिलिमीटर केली तर वजन फक्त दहा टक्के घटतं, ताठपणा मात्र सत्तावीस टक्के उतरतो. शिवाय एकाच जातीच्या, अगदी एकाच झाडाच्या दोन फळ्यांमध्येही ताठपणा वेगळा असतो. एक फळी २.७ मिलिमीटरला जेवढी ताठ असेल तेवढी दुसरी तीनलाही नसेल.

कारखाना सगळ्या फळ्या ठरलेल्या जाडीच्या करतो. त्याला दुसरं काही परवडत नाही. बारा नंबरच्या नेहमीच्या तारांचा सेट चढवला की सगळ्या मिळून टॉपवर सुमारे ७३ किलोचा ओढ असतो, अहोरात्र. हजारो गिटारींवर वॉरंटी द्यायची असेल तर ढिगातली सगळ्यात मऊ फळीही त्या ओढीला टिकली पाहिजे. म्हणून जाडी आणि ब्रेस थोडे राखूनच ठेवले जातात. मऊ फळी नशिबी आली तर तुमची गिटार गाते, ताठ आली तर ती थोडी घुमी राहते. दुकानात एकाच मॉडेलच्या तीन गिटारी वाजवल्या की तिन्ही वेगळ्या का वाटतात, त्याचं हे एक मोठं कारण.

कारागीर हेच काम कसं करतो ते जवळून बघण्यासारखं असतं. एकाच फळीचे चिरलेले दोन भाग मधोमध जोडून टॉप तयार होतो. तो रंध्यानं किंवा सँडरवर उतरवायचा, मध्येच थांबून दोन्ही हातांत धरायचा आणि रेषांच्या आडव्या दिशेनं हलकेच वाकवून बघायचा. मग वरच्या कडेच्या जरा खाली चिमटीत धरून मधोमध बोटाच्या पेरानं ठोकायचं. जाड फळी ठोकली की आवाज उंच, आखूड येतो आणि लगेच मरतो. जसजशी ती पातळ होते तसा आवाज खाली उतरतो आणि रेंगाळू लागतो. काही जण नुसत्या कानावर विसंबत नाहीत. फळी दोन टेकूंवर ठेवून मधोमध ठरावीक वजन ठेवतात आणि ती किती दबली ते डायल गेजवर मोजून वहीत लिहितात. मला या वहीवाल्यांचा भरवसा जास्त वाटतो, कारण पाच वर्षांपूर्वीची एखादी गिटार चांगली का झाली हे त्यांना वहीतून सांगता येतं.

त्यानंतर ब्रेस चिकटवायचे आणि धारदार पटाशीनं कोरायचे. एक्सच्या सांध्यापाशी उंची राखायची, टोकांकडे उतरवत न्यायची. चार-सहा चिलप्या काढायच्या, पुन्हा ठोकायचं, पुन्हा ऐकायचं. सगळ्यात अवघड काम म्हणजे कुठं थांबायचं ते ठरवणं. काढलेलं लाकूड परत लावता येत नाही. जास्त काढलं तर गिटार पहिल्या वर्षी अप्रतिम वाजते आणि मग ब्रिजच्या, म्हणजे टॉपवर तारा अडकवलेल्या पट्टीच्या, मागे टॉप फुगतो, साउंडहोलच्या (समोरच्या भोकाच्या) बाजूला खचतो, तारा उंच होतात.

त्यामुळे चांगल्या कारागिराची गिटार त्याच किमतीच्या कारखान्याच्या गिटारीपेक्षा हाताला हलकी लागते आणि बोट ठेवताच बोलते, हे खरं. पण नवख्या कारागिराची गिटार चांगल्या कारखान्याच्या गिटारीपेक्षा वाईट असू शकते, हेही तितकंच खरं. फ्रेटच्या, म्हणजे नेकवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांच्या, कामात तर कारखाने बरेच पुढे आहेत. फ्रेटबोर्डमधल्या खाचा मशीनवर शंभरावा भाग मिलिमीटरपर्यंत अचूक पडतात. त्या तोडीचं काम हातानं करणारा माणूस कसलेलाच लागतो.

मापाची गरज खरंच आहे का?

कारखान्याच्या बहुतेक स्टील-तारांच्या गिटारींमध्ये नटची, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची, रुंदी ४३ किंवा ४४.५ मिलिमीटर असते आणि तारेची वाजती लांबी साधारण ६४५ किंवा ६३२ मिलिमीटर. क्लासिकलमध्ये नट ५२ च्या आसपास आणि लांबी तोरेसच्या काळापासून ६५०. बहुसंख्य हातांना यातलं काहीतरी जमतंच.

बोटं आखूड असतील तर लोक थेट घडवून घेण्याचा विचार करतात. त्याआधी ६३२ ची कारखान्याची गिटार वाजवून पाहा. पहिल्या फ्रेटची जागा वाजत्या लांबीला १७.८१७ नं भागून काढतात. ६४५ ला पहिला फ्रेट ३६.२ मिलिमीटरवर येतो, ६३२ ला ३५.५ वर. दिसायला पाऊण मिलिमीटरचाही फरक नाही. पण चार फ्रेटांच्या ताणात तो साठत जातो, आणि त्याच तारा त्याच सुरात लावल्या तरी ओढ चार टक्क्यांनी उतरते. एका बोटानं सगळ्या तारा दाबून बार कॉर्ड धरताना मनगट दुखणाऱ्याला एवढं पुष्कळ झालं. याच्याही आधी आहे ती गिटार चांगल्या माणसाकडून सेटअप करून घ्या. नटच्या खाचा कानशीनं योग्य खोल केल्या, सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी, घासून बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली सव्वादोन-अडीच मिलिमीटर जागा ठेवली, की 'ही गिटार माझ्या हाताची नाही' असं म्हणणारे निम्मे लोक गप्प होतात.

घडवून घेण्याची गरज मला इथं पटते: डावखुरा वादक, जुनी दुखापत असलेला हात, बोटांनी गुंतागुंतीचं वाजवणारा आणि म्हणून ४६-४७ मिलिमीटरचा नट मागणारा, किंवा खालच्या सुरांत तारा लावणारा ज्याला जाड तारांसाठी जास्त लांबी आणि बारीक तारांसाठी कमी लांबी, म्हणजे तिरके फ्रेट हवेत. डावखुऱ्यांची तर कुचंबणाच होते. दुकानात त्यांच्यासाठी एखादं-दुसरं मॉडेल असतं, बहुतेक वेळा तेही नसतं. उजव्या हाताच्या गिटारीच्या तारा उलट लावून भागत नाही, कारण सॅडल तिरकं बसवलेलं असतं आणि आतले टॉपचे ब्रेसही जाड आणि बारीक तारांच्या बाजू धरून बसवलेले असतात. डावखुऱ्यानं पैसे साठवावेत आणि सरळ घडवून घ्यावी.

हिंदुस्तानी शैलीत मांडीवर आडवी घेऊन स्लाइडनं वाजवायची असेल तर हा प्रश्नच उरत नाही. ब्रिजभूषण काब्रा यांनी या वाद्याला शास्त्रीय मैफलीत जागा मिळवून दिली, विश्वमोहन भट्ट यांनी चिकारी (साथीला छेडायच्या) आणि तरफेच्या (आपोआप झंकारणाऱ्या) तारा जोडून मोहनवीणा केली. इतक्या तारांचा ओढ साध्या कारखान्याच्या गिटारीवर चढवला तर ती टिकणार नाही. नेक, ब्रिज, आतली बांधणी सगळंच वेगळं लागतं. ते घडवूनच घ्यावं लागतं, आणि तेही तरफ, चिकारी, जवारी समजणाऱ्याकडून. गिटारीचं सॅडल अरुंद असतं आणि त्यावर तार अजिबात झणझणू नये अशी अपेक्षा असते. जवारीच्या पट्टीवर तारेनं नेमकं तेच करायचं असतं. नुसत्या गिटारी करणाऱ्याचा हात तिथं चुकतो.

हवा: महाराष्ट्रात सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा

यावर लोक सगळ्यात कमी विचारतात, आणि माझ्या मते निर्णय इथंच झाला पाहिजे.

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. रेषांच्या लांबीत ते जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलतं. ४०० मिलिमीटर रुंदीचा स्प्रूसचा टॉप मोकळा ठेवला आणि आर्द्रता ८० टक्क्यांवरून ४० वर आली, तर तो चारेक मिलिमीटर आकसेल. पण टॉप मोकळा नसतोच. त्याला आडवेतिडवे ब्रेस चिकटवलेले असतात आणि कडेनं साइड्सना बांधलेला असतो. आकसायला जागा नाही म्हटल्यावर तो फाटतो.

म्हणून गिटार कोणत्या हवेत जोडली गेली याला फार महत्त्व आहे. चांगले कारखाने वर्षभर ४५ ते ५० टक्के आर्द्रता राखतात. तिथं बनलेली गिटार मुंबईच्या जुलैत, ८५-९० टक्क्यांत आली की टॉप फुगतो, तारा उंच होतात, आवाज दबतो. त्रास होतो, पण ती फुटत नाही. दिवाळीनंतर पूर्ववत होते. उलट प्रकार घातक आहे. मुंबईत किंवा गोव्यात भर पावसाळ्यात, हवा आवरण्याची सोय नसलेल्या शेडमध्ये ब्रेस चिकटवले आणि ती गिटार मे महिन्यात नागपूरला गेली, जिथं दुपारी आर्द्रता २० टक्क्यांपर्यंत उतरते, तर टॉप खचतो, फ्रेटची टोकं कडेनं बोटाला टोचू लागतात आणि फ्रेटबोर्डच्या शेजारून तडा जातो. दिवसभर एसी चालणाऱ्या खोलीत हेच जरा हळू होतं. शिकागोत हिवाळ्यात हीटर लावलेल्या घरात तर फारच लवकर.

म्हणून कारागिराकडे गेल्यावर लाकूड बघण्याआधी भिंतीवर आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर आहे का ते बघा. काम करण्याच्या खोलीत हवेतला ओलावा काढणारा डीह्युमिडिफायर चालू आहे का, जोडायच्या फळ्या त्याच खोलीत किती दिवस मुरवल्या आहेत, हे विचारा. ज्याला या प्रश्नाचं आकड्यात उत्तर देता येतं तो माणूस कामाचा. 'आमचं लाकूड वीस वर्षं जुनं आहे, त्याला काही होत नाही' असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून निघा. जुनं लाकूड स्थिर असतं हे खरं, पण हवेतला ओलावा तेही घेतंच.

या मुद्द्यावर कारखाना सरळ पुढे आहे, कारण तिथं हे गृहीतच असतं. कारागिराकडे ते तपासून घ्यावं लागतं. आणि गिटार कुठलीही असो, ती खोक्यात, आत ओलावा राखणारी पुडी आणि छोटा हायग्रोमीटर ठेवून सांभाळायला लागेल. भिंतीवर टांगून ठेवायची हौस असेल तर लॅमिनेटची घ्या. तिचे थर एकमेकांना आडवे असल्यामुळे ती या सगळ्याला भीक घालत नाही. पावसाळी सहलींना आणि शेकोटीला तीच बरी.

सांधा, सरस, पॉलिश

वर्षानुवर्षांच्या ओढीनं नेकचा कोन बदलतो आणि कधीतरी नेक काढून पुन्हा बसवावी लागते. पारंपरिक डोव्हटेल सांधा, म्हणजे पाचरीसारखा खाचेत बसणारा, सरसानं चिकटवलेला असतो, तो वाफ देऊन सोडवावा लागतो. आपल्याकडे हे काम धडपणे करणारे हात थोडे आहेत. बोल्टनं बसवलेली नेक अर्ध्या तासात निघते. टेलर या अमेरिकन गिटार कंपनीनं सुरुवातीपासून बोल्टचाच मार्ग धरला आणि १९९९ पासून तर पाचरी बदलून कोन जुळवता येईल अशी रचना आणली. डोव्हटेलनं आवाज चांगला होतो असं मानणारे आहेत. मला भारतात राहणाऱ्यासाठी बोल्टच शहाणपणाचा वाटतो. कारागिराला तसं सांगा, बहुतेक जण आनंदानं करतात.

ब्रेस आणि ब्रिज चिकटवायला काही कारागीर अजूनही गरम सरस वापरतात. तो कडक सुकतो आणि दुरुस्तीच्या वेळी सोडवता येतो, पण उन्हात बंद गाडीत गिटार राहिली तर सैल पडू शकतो. तीच गोष्ट चपड्याच्या फ्रेंच पॉलिशची. इतका पातळ थर दुसऱ्या कशाचाच बसत नाही, टॉप मोकळा राहतो, ओरखडा पडला तर पुन्हा लावता येतो. मात्र घामानं ते चिकट होतं आणि दमट हवेत धुरकटतं. दादरला राहून रोज तास-दोन तास वाजवणाऱ्यानं ते क्लासिकलवर घेतलं तर हाताखाली फडकं ठेवायची सवय लावून घ्यावी. कारखान्याचं पॉलियुरेथेन दिसायला तेवढं गोड नसतं, पण दहा वर्षांनीही तसंच राहतं.

पैसे, वेळ आणि पुन्हा विकणं

इथं कारखान्याची बाजू सरळ भक्कम आहे. जी वाजवून पाहिली तीच घरी आणता. आवडली नाही तर नामांकित कंपनीची गिटार महिनाभरात विकली जाते, किमतीचा बराचसा भाग हातात येतो. घडवून घेताना तुम्ही अजून अस्तित्वात नसलेल्या वस्तूचे पैसे देता, आगाऊ रक्कम देता आणि महिनोन् महिने थांबता. एकटा कारागीर वर्षाला दहा-वीस गिटारींपलीकडे सहसा जात नाही. तुमच्या हाताच्या मापाची, तुमच्या नावाची अक्षरं शिंपल्यात कोरलेली गिटार दुसऱ्या कुणाला विकायची म्हटलं तर भाव पडतो.

कंपन्यांचे 'कस्टम शॉप' हा मधला मार्ग म्हणून सांगितला जातो. तिथं लाकूड, नट, सजावट यादीतून निवडता येते, पण टॉप तुमच्या फळीप्रमाणे ठोकून पाहिला जाईलच असं नाही. डावखुऱ्यांना त्याचा उपयोग होतो. बाकीच्यांनी त्या किमतीत चांगला कारागीर शोधावा.

कारागीर निवडताना

नवी कोरी गिटार दाखवली तर वाजवा, पण भुलू नका. पाच-सात वर्षांपूर्वी त्यानं विकलेली गिटार बघायला मागा. चांगला कारागीर आनंदानं जुन्या गिऱ्हाइकाकडे पाठवतो. तिथं गेल्यावर ब्रिजच्या मागे टॉप किती फुगलाय ते कडेनं सरळ पट्टी ठेवून बघा. थोडा फुगवटा असणारच, तो हवाच. पट्टी ब्रिजच्या मागे झुलत असेल तर प्रश्न आहे. नेकच्या टोकाकडून डोळा लावून फ्रेट एका ओळीत आहेत का पाहा. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर जुळतात का ते सहाही तारांवर तपासा. मग मोबाइलचा दिवा आणि छोटा आरसा साउंडहोलमधून आत घालून ब्रेसची टोकं बघा. ती कडेपाशी नीट दबून बसलेली, सरसाचे ओघळ पुसलेले आणि पटाशीचे घाव स्वच्छ हवेत. कुणी बघणार नाही अशा जागी माणसानं कसं काम केलंय, यावरून त्याची जितकी ओळख पटते तितकी बाहेरच्या नक्षीवरून पटत नाही.

ठरलं की सगळं लिहून घ्या: वाजती लांबी, नटची रुंदी, नेकची जाडी पहिल्या आणि नवव्या फ्रेटपाशी, ब्रिजपाशी तारांमधलं अंतर, तारांचा नंबर, नेकचा सांधा, पॉलिश. आवडत्या गिटारीची नेक हाताला बसत असेल तर ती गिटारच त्याच्याकडे मापाला घेऊन जा. शब्दांत ते सांगून जमत नाही. पैसे टप्प्याटप्प्यानं द्या: सुरुवातीला लाकडाचे, पेटी बंद होण्याआधी एकदा प्रत्यक्ष जाऊन टॉप पाहिल्यावर पुढचे, उरलेले गिटार हातात आल्यावर. आणि एक अट नक्की घाला. नवा टॉप तारांच्या ओढीखाली पहिल्या वर्षभरात बसतो आणि तारांची उंची हलते, म्हणून पहिला पावसाळा आणि पहिला उन्हाळा झाल्यावर करायचे दोन सेटअप किमतीतच धरलेले असावेत, आणि तेही कागदावर.